फवारणीच्या सभेबद्दल आलेल्या अभिप्रायाला उत्तर

साहेब, नमस्कार.

जूनमध्ये तुमच्या कंपनीने आमच्या पांढरकवड्याच्या सेंटरमध्ये सुरक्षित फवारणीवर शेतकऱ्यांची सभा घेतली. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की शेतकऱ्यांना हॉलबाहेर टिनाच्या शेडमध्ये बसवलं, कंपनीचा बॅनर उतरवला, आत उकडत होतं, वरून जीएसटी लावला, खेड्यातलं मंगल कार्यालय कन्व्हेन्शन सेंटर म्हणून खपवतात, आणि पुढची सभा नागपूरलाच घेऊ.

बाहेर बसवण्याचं आधी सांगतो. बुकिंग तीनशे खुर्च्यांचं होतं आणि हॉलही तेवढ्याच माणसांचा आहे. अकरा वाजेपर्यंत साडेचारशेच्या वर माणूस आला. बिछायतवाल्याने जास्तीच्या खुर्च्या मधल्या वाटेत मांडायला घेतल्या, त्या मी उचलायला लावल्या. बॅनर उतरवला कारण तो बाजूच्या दारावर बांधलेला होता आणि कापडामागे दार आहे हे कुणाला दिसतही नव्हतं. तोच बॅनर नंतर मंचावर लावून दिला. शेडमध्ये पंखे, स्पीकर आणि मोठा पडदा होता. आतलं सगळं तिथे दिसत होतं, ऐकू येत होतं.

यात मी कुणासाठीच सूट देत नाही. आमदारांच्या सभेलाही नाही, घरच्या लग्नालाही नाही. डिसेंबर 1995 मध्ये हरियाणात डबवालीला एका लग्नाच्या हॉलमध्ये शाळेचा कार्यक्रम चालू होता. वरच्या मंडपाच्या कापडाने पेट घेतला आणि लोकांना बाहेर पडता आलं नाही. चारशेहून जास्त जीव गेले, त्यात बहुतेक लेकरं. ते काही महानगर नाही, आपल्यासारखंच कापसाच्या पट्ट्यातलं गाव आहे. 1997 मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 माणसं गेली. तिथे वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेरची वाट अडली होती. आपल्या राज्यात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र आमच्या काउंटरमागे लावलेलं आहे, कुणीही वाचावं. पण एजन्सी वर्षातून दोनदा येते. सभेच्या दिवशी वाट मोकळी आहे की नाही हे मलाच पाहावं लागतं.

आणि तुमची सभा कशावर होती? 2017 च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेलेली, अंगावर धड कपडे नाहीत, तोंडाला नुसता रुमाल. त्या सभेला गर्दी झाली ती यासाठीच. माणसं जीव वाचवायचं शिकायला आली होती, त्यांना कोंबून बसवणं मला पटलं नाही आणि पटणारही नाही.

उकाड्याबद्दल. मोठ्या हॉलला एसी नाही, डक्ट कूलर आहेत. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं. मे महिन्यात पारा 45 वर असतो तेव्हा कोरड्या हवेत ते छान गारवा देतात. पण मृगाचा पाऊस पडून गेला की हवेतच ओल असते, पाणी उडत नाही आणि कूलर नुसती दमट हवा फेकतो. म्हणून त्या दिवशी पाण्याचे पंप बंद करून पंखे आणि खिडक्यांवर भागवलं. जूनची तारीख घेताना मी हे फोनवर सांगितलं होतं.

जीएसटी 18 टक्के आहे, तो सरकारजमा होतो आणि कोटेशनमध्ये वेगळा दाखवला होता. त्याची वजावट मिळते का, ते तुमच्या सीएंना विचारा.

हो, इथे लग्नं होतात. एप्रिल-मेच्या लग्नांवरच बँकेचा हप्ता निघतो, आणि म्हणूनच शेतकऱ्यांच्या सभेला मला भाडं कमी लावता येतं. नागपुरात सुरेश भट सभागृहासारखी मोठी, उत्तम सभागृहं आहेत, तिथे अवश्य घ्या. पण झरी जामणीचा, मारेगावचा, घाटंजीचा माणूस पेरणीच्या तोंडावर वावर सोडून नागपूरला जाणार नाही. इथून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. येण्याजाण्यात त्याचा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तुमच्या सभेत मागे बसलेले बरेच जण स्वतःच्या मालकीचं वावर नसलेले, रोजाने पंप पाठीवर घेणारे होते. खरी गरज त्यांनाच आहे आणि नागपूरच्या सभेत नेमके तेच नसतील. हे सेंटर मी पांढरकवड्यात बांधलं ते याच माणसांसाठी.

कपाशीवर फवारणीचा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात असतो. त्याआधी आणखी एक सभा घ्यायची असेल तर सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या करू, भाडं एकाच दिवसाचं घेईन. फक्त माणसांचा खरा आकडा आठ दिवस आधी कळवा.