काटा

केजहून मांजरसुंब्याकडं जाताना नेकनूरच्या अलीकडं रस्त्याकडेला एक बाभूळ आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी, सव्वाअकराच्या सुमाराला, तिच्या विरळ सावलीत मी नवरदेवाच्या सिंहासनावर बसलो होतो. लाल मखमल, पाठीला सोनेरी मोर, हात टेकायला सिंहाची तोंडं. शेजारच्या नवरीच्या सिंहासनावर पाण्याचा जार. समोरून एसटी गेली, खिडक्यांतल्या सगळ्या माना वळल्या आणि एका आजोबांनी ओरडून विचारलं, "पाटील, नवरी कुठंय?"

लग्न माझं नव्हतं. माझं होऊन तीस वर्षं झाली आणि त्यात सिंहासन नव्हतं, पाट होता, तोही शेजाऱ्यांचा. मी मंडपवाला. आंबाजोगाईत मंडप, बिछायत, भांडी असा माझा धंदा आहे. त्या आठवड्यात तिथी दाट होत्या. ही सिंहासनं आदल्या रात्री एका लग्नात अडकलेली, तीच सकाळी उचलून बीडला न्यायची होती. मुहूर्त बारा पस्तीसचा. आणि पिकअप बाभळीपाशी आली, दोन गचके दिले आणि गप्प झाली. हत्यारांची पेटी सगळ्यात आधी चढते म्हणून सगळ्यात खाली असते, त्यामुळं सिंहासनं उतरवावी लागली. उतरवलीच आहेत तर बसावं, एवढाच त्यातला विचार.

गाडी अशी बंद पडायची ही पाचवी वेळ. २००४ सालची गाडी, मी तिचा चौथा मालक. किलोमीटरचा आकडा माझ्या आधीच्या मालकाच्या काळातच थांबलेला. डिझेलचा काटा माझ्याकडं आल्यापासून हललेला नाही. डिझेल आम्ही काडीनं मोजतो. काडीला चाकूनं तीन खाचा पाडल्यात: वरची बीडची, मधली लातूरची, खालची पंपापर्यंत पोचण्याची. ही पद्धत कधी चुकत नाही. चालणारा काटा एकच, पाण्याचा. म्हणजे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. माझ्या आयुष्याची दोन वर्षं त्यानं खाल्ली.

रस्त्यात गाडी बंद पडली की बघणारे जमतात आणि प्रत्येकाला रोग आधीच माहीत असतो. दूधवाला मोटारसायकलवरून पाय न उतरवता म्हणाला, "हवा धरली." टेम्पोवाला म्हणाला, "गॅस्केट गेलं, हेड उतरवा." शेळ्यावाल्या बाबांनी गाडीकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "वय झालं." पण तिघांनीही पहिला प्रश्न एकच विचारला होता, "पाणी हाय का?" आमच्याकडं ते साहजिक आहे. २०१५ ला परळीचं थर्मल पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्यामुळं बंद पडलेली कुठलीही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला आधी तहानलेलीच वाटते. आम्ही पाणी बघितलं. काठोकाठ होतं. काटा तर निम्म्याच्याही खाली, सी कडं, म्हणजे थंडकडं, तोंड करून झोपलेला.

मग भाच्यानं खिशातून लिंबू काढलं. तो गाडी चालवतो आणि लिंबं स्वखर्चानं आणतो. लिंबू उतरवून झालं, चाकाखाली ठेवून झालं. मी म्हटलं, "डिझेल तर बघ." त्यानं टाकीचं कुलूप काढलं, झाकण फिरवलं, फुस्स झालं, काडी घातली. बीडची खाच ओली. सेल्फ मारला आणि गाडी अशी चालू झाली, जशी काही तिची झोपमोड झाली होती.

"लिंबू," भाचा म्हणाला.

आम्ही बारा चाळीसला पोचलो. मंगलाष्टकं चालू होती आणि सिंहासनावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. अक्षता उभ्यानंच पडतात. सिंहासन लागतं ते नंतर, फोटोला. तेव्हा नवरदेव ऐटीत टेकला आणि तितक्याच ऐटीत, एक शब्द उच्चारून, उठला. तो शब्द व्हिडिओत आला आहे. बाभळीखाली अर्धा तास मखमल उघडी ठेवली की तिच्यात काय काय पडतं याचा विचार मी केला नव्हता. काटा बोटभर होता, पांढरा. मुलीच्या वडिलांनी तो कागदाच्या पुडीत बांधून हिशेबाच्या वेळी माझ्यापुढं ठेवला आणि हजार रुपये कमी दिले.

आता त्याच दिवसाची रात्र ऐका. माल भरून आम्ही परत निघालो. नऊ वाजलेले, वारं गार, उतार, गाडीत निम्माच माल. आणि तो सकाळचा झोपलेला काटा उठून सरळ एच कडं, म्हणजे गरमकडं, निघाला. मी गाडी थांबवायला लावली. बॉनेट उघडलं, झाकणाला हात लावायची हिंमत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून ज्यांच्या मिशा गेल्या अशी दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. अर्धा तास थांबलो. निघालो. काटा पुन्हा वर. गाडी मात्र वाघासारखी घरापर्यंत आली.

म्हणजे बेचाळीस डिग्रीत काटा खाली आणि गाडी बंद. रात्रीच्या गारव्यात काटा वर आणि गाडी खणखणीत. आता याला काय म्हणावं बरं? गल्लीतल्या तात्यांनी त्याला जे म्हणायचं ते म्हटलं आणि एका बारवेचं नाव घेतलं, जिच्याजवळून आम्ही रात्री येतो. मी हसलो, पण भाच्याची लिंबं तिथून दोनावर गेली.

गॅरेज तीन झाली. पहिल्यानं रेडिएटर रॉडिंग करायला लावला, म्हणजे खोलून आतल्या नळ्या सळईनं साफ करायला. आतून बोअरच्या पाण्याचा पांढरा चुना निघाला, बादलीभर नाही पण रांगोळी घालण्याइतका. तेवढं काम खरंच व्हायला हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला. "आपल्याकडं याचं काय काम? थंडी हाय का?" म्हणाला. थर्मोस्टॅट ही इंजिनाच्या दारावरची म्हातारी असते. पाणी ऐंशी-ब्याऐंशी डिग्री होईपर्यंत ती त्याला रेडिएटरकडं जाऊच देत नाही. म्हातारी गेल्यावर घराला जसा धाक राहत नाही तसं इंजिनाचं झालं. डिसेंबरात सकाळी गाडी धूर टाकत बसायची, तापायचं नावच नाही. काटा मात्र रात्री वर जायचा तो जायचाच. तिसऱ्यानं सेन्सर बदलला, म्हणजे पाणी किती तापलंय ते काट्याला कळवणारा.

या तिन्ही ठिकाणी गाडी एकदाही बिघडली नाही. सासरी गेलेल्या जावयासारखी वागायची. मागितलं तर चालू, सांगितलं तर बंद, तीन-तीन तास एका लयीत. मिस्त्री माझ्याकडं बघायचा, मी काट्याकडं, काटा बरोबर मध्यावर. "इथं तर काही होत नाही," असं तो म्हणाला की मला अपराधी वाटायचं, आणि त्या भरात मी त्याला जे सांगेल ते पैसे द्यायचो.

एकदा परळीहून रात्री येताना बायको सोबत होती. ती बराच वेळ काट्याकडं बघत होती. घरी उतरताना म्हणाली, "अहो, तिला उजेड सोसत नाही."

"काय?"

"मोठा लाइट लावला की काटा चढतोय. समोरून गाडी आली, ह्यानं बारीक केला, की उतरतोय. हॉर्न वाजवला की उडी मारतोय."

मी तिला समजावून सांगितलं की लाइट हा विजेचा भाग आणि पाणी हा पाण्याचा. ती "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' कोणत्या जातीचं आहे हे तीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

शेवटी कुणीतरी उस्तादांकडं पाठवलं. लिंबाच्या झाडाखाली लोखंडी कॉट, शेजारी एक पेटी, वर पाटी नाही. सत्तरीचे असतील. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. चहा मागवला आणि विचारलं, "कब से है ये बीमारी?"

"दोन वर्षं झाली. दसऱ्यापासून."

"दसरे कू क्या किये थे?"

मी अभिमानानं सांगितलं. गाडीला पुरा रंग दिला होता, चेसीसकट, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यासकट. मागं 'शुभमंगल' लिहून घेतलं होतं, दोन्हीकडं तुतारीवाले काढले होते. सगळं खोलून, रंगवून, पुन्हा बसवून.

"और?"

"और... डिझेलच्या टाकीला कुलपाचं झाकण बसवलं."

उस्तादांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. मग उठले.

आधी त्यांनी सेन्सरची वायर काढली. काटा सी वर पडला. वायर इंजिनाला टेकवली. काटा एच वर गेला. म्हणजे काटा चांगला. वायर परत लावली, इंजिन तापू दिलं, काटा मध्यावर. मग भाच्याला म्हणाले, "लाइट मार." मारला. काटा चढला. "हॉर्न दे." काट्यानं उडी मारली. उस्तादांनी रेडिएटरच्या वरच्या पाइपवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "हात ठेवून देतोय ना? फिर कायकू गरम?" मग जाड वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक इंजिनावर दाबलं, दुसरं चेसीसवर. काटा निमूटपणे खाली उतरला. तुकडा काढला, चढला. लावला, उतरला. पाचसहा वेळा त्यांनी ते केलं. माझ्यासाठी दोनदा पुरेसं होतं, बाकीचं ते स्वतःच्या आनंदासाठी करत असावेत.

"अर्थिंग गया इसका."

इंजिनापासून चेसीसला एक विणलेली तांब्याची पट्टी असते. विजेला परत जायची ती वाट. रंगाऱ्यानं पट्टी काढली, चेसीस रंगवला आणि ओल्या-सुक्या रंगावरच बोल्ट आवळला. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी जाईल तेवढी. लाइट लागला, हॉर्न वाजला, वीज जास्त लागली की वाट अपुरी पडायची आणि काट्याला वाटायचं इंजिन पेटलं. इंजिन बिचारं एकदाही तापलं नव्हतं. उस्तादांनी पॉलिश पेपरनं रुपयाएवढा रंग खरवडला, आत पांढरंशुभ्र लोखंड दिसलं, पट्टी घासली, बसवली. माझ्या तुतारीवाल्याच्या बरोबर पाठीमागची जागा.

"आणि बंद पडते ती?" मी म्हटलं.

ते टाकीपाशी गेले. माझ्याकडून किल्ली घेतली. झाकण फिरवलं.

फुस्स.

"सुना?"

हे फुस्स मी पाचही वेळा ऐकलं होतं. मला वाटायचं उन्हानं आत गॅस धरतो, तो बाहेर येतोय. उस्तादांनी झाकणावर धुळीची चिमूट ठेवून पुन्हा उघडून दाखवली नाही इतकंच, बाकी सगळं दाखवलं. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. "टंकी कू सांस लगती जी. इंजन जितना डिझेल पीता, उतनी हवा अंदर जाना ना. तुमे तो नाक-मूँ दोनों बंद कर दिये." जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. माझ्या नव्या, भारी, कुलपाच्या झाकणाला नव्हतं. डिझेल खाली जायचं, वर हवा यायला जागा नाही, टाकी आतून ओढ धरायची आणि तासाभरानं पंपाला डिझेल मिळेनासं व्हायचं. टाकी भरलेली असली की वर हवा थोडी, म्हणून ओढ लवकर बसायची. आणि टाकी आम्ही भरायचो ती फक्त लांबच्या, मोठ्या लग्नांना. मग आम्ही लिंबू उतरवायचो, नंतर डिझेल बघायला झाकण उघडायचो, आणि श्रेय लिंबाला.

झाकण मी का बसवलं होतं हे आता सांगायलाच पाहिजे. काडीवरची खाच मला दोनतीनदा लवकर उतरल्यासारखी वाटली होती. गाडी चालवणारा एकटा भाचा. मी त्याला काही बोललो नव्हतो, "जमाना खराब आहे," एवढंच म्हणून किल्ली माझ्या कमरेला लावली होती. त्यालाही ते कळलं होतं. त्या दिवशी लिंबाखाली उभा राहून तो काही बोलला नाही. उस्तादांनी झाकणाला बारीक भोक पाडलं, दोन्ही कामांचे मिळून दीडशे रुपये घेतले, आम्ही गाडीत बसलो, आणि त्यानं स्टेअरिंगवर हात ठेवून, समोर बघत, तोंडानं हळूच केलं, "फुस्स."

घरी बायकोला मी सांगितलं की अर्थिंगचा दोष निघाला. तिनं विचारलं, "म्हणजे लाइट लावला की चढत होता तोच ना?" मी म्हटलं, तसं अगदी म्हणता येणार नाही. ती "बरं" म्हणाली.

सगळं नीट झालं असतं, पण निघताना मी उस्तादांना एक प्रश्न जास्तीचा विचारला. म्हटलं, आता काटा मध्यावर राहिला म्हणजे बिनघोर ना? ते म्हणाले, तसं नाही. पाणी गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो, त्याला गरम पाणी लागतच नाही. मग इंजिन जळत असतं आणि काटा खाली येतो. काटा वर गेला तर भ्या, खाली आला तरी भ्या.

मागच्या आठवड्यात बीडला गेलो. नव्वद किलोमीटर काटा मध्यावर, खिळा ठोकल्यासारखा. केज गेलं, बाभूळ गेली, नेकनूर गेलं. मी लाइट लावून पाहिला, हॉर्न देऊन पाहिला. ढिम्म. एवढा स्थिर काटा मी त्या गाडीत कधी पाहिला नव्हता आणि मला ते सोसेना. मांजरसुंब्याला मी गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरलो, बॉनेट उघडलं, बाटलीत पाणी बघितलं, पाइपवर तळहात ठेवला आणि मनात दहा मोजले.

आतून भाच्यानं काच खाली केली.

"मामा," तो म्हणाला, "फुस्स."