अख्खं मशीन घेऊनही साइट मंद का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डेडिकेटेड सर्व्हरवरच्या, म्हणजे एकाच ग्राहकाला दिलेल्या अख्ख्या मशीनवरच्या लेखात मी "साइट पळायला लागते" असं लिहिलं, त्यावर विसंबून तुम्ही मॅनेज्ड व्हीपीएस (एका मोठ्या मशीनचा भाड्याचा वाटा, ज्याची देखभाल पुरवठादार करतो) सोडून ६४ जीबी रॅमचं अख्खं मशीन भाड्याने घेतलं, आणि तुमचं ऑनलाइन दुकान आधीपेक्षा मंद झालं. शिवाय क्लाउडच्या काळात हा प्रकार कालबाह्य आहे आणि अख्खं मशीन जास्त सुरक्षित हा माझा दावा पोकळ आहे, असंही तुम्ही म्हणता.

पहिला आक्षेप मान्य. ते वाक्य चुकीचं होतं, आज ते बदललं आहे. तुमचा वेळ आणि पैसा त्यापायी गेला याचं मनापासून वाईट वाटतं. पण मशीन परत करण्याआधी थोडं थांबा. तुम्ही दिलेल्या तपशिलात तीन गोष्टी मला खटकल्या.

पहिली गोष्ट डिस्क. नव्या मशीनमध्ये ७२०० आरपीएमच्या दोन सॅटा हार्ड डिस्क आहेत आणि जुन्या व्हीपीएसला एनव्हीएमई, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क होती. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती नोंद हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात हेड सरकायचा वेळ वेगळा. अशी डिस्क इकडची-तिकडची वाचनं सेकंदाला शे-दीडशेच्या आसपासच करू शकते. एनव्हीएमईला फिरणारं काहीच नसतं, ती हजारो-लाखोंत खेळते. दुकानाच्या साइटवर एका पानामागे डेटाबेसला डझनावारी क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या जातात, त्यामुळे हा फरक लगेच जाणवतो.

पण ६४ जीबी रॅम असताना डिस्कपर्यंत जायचंच कशाला? इथे दुसरी गोष्ट येते. तुम्ही लिहिलंय, "मायएसक्यूएल इन्स्टॉल केलं आणि डेटा आयात केला." म्हणजे या डेटाबेस सॉफ्टवेअरची सेटिंग मूळचीच राहिली. त्याचा डेटा सांभाळणाऱ्या इनोडीबी या भागाचा बफर पूल, म्हणजे वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवायची जागा, मुळात १२८ एमबीचा असतो. तुमचा डेटाबेस ६ जीबीचा. रॅम भरपूर असली तरी मायएसक्यूएल स्वतःसाठी तेवढाच तुकडा वापरतं आणि बाकीच्यासाठी पुन्हा पुन्हा बाहेर हात पसरतं. पूल ८ जीबी करा. एकदा वाचलेली पानं मेमरीत राहतील आणि डिस्कवरचा ताण बराच उतरेल. तिसरी गोष्ट पीएचपी-एफपीएम, म्हणजे साइटचा पीएचपी कोड चालवणारा प्रोग्राम. त्याच्या नमुना फाइलमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन', म्हणजे एका वेळी किती मागण्या हाताळायच्या तो आकडा, ५ असतो. गर्दीच्या वेळी सहावं गिऱ्हाईक रांगेत उभं राहतं आणि प्रोसेसर मात्र मोकळा बसलेला असतो.

जुन्या व्हीपीएसवर ही सगळी जुळवाजुळव तिथल्या मंडळींनी तुमच्यासाठी आधीच केलेली होती. अनमॅनेज्ड डेडिकेटेड घेतल्यावर ते काम आपल्याकडे येतं. हे मी मूळ लेखात ठळकपणे सांगायला हवं होतं.

मग डेडिकेटेडचा फायदा काय? तुम्हीच लिहिलंय की व्हीपीएस संध्याकाळी अडखळायचा. तिथे मशीनवरचा भार दाखवणारी 'टॉप' कमांड चालवली असती तर सीपीयूच्या ओळीत शेवटी 'एसटी' हा आकडा दिसला असता. तो चढला, म्हणजे आपल्याला काम असूनही हायपरवायझरने (मशीनचे वाटे करणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर दुसऱ्याला दिलेला असतो. आपल्या कोडमध्ये कितीही सुधारणा करा, त्यावर उपाय नाही. अख्ख्या मशीनवर हा आकडा शून्य असतो. आजची चाचणी आणि महिन्यानंतरची चाचणी सारखी येते, आणि जे मंद आहे ते आपल्याच कामामुळे मंद आहे एवढी खात्री मिळते. मला स्वतःला या खात्रीचं मोल फार वाटतं, कारण त्यामुळे मंदपणाचं मूळ शोधता येतं.

कालबाह्यतेबद्दल थोडक्यात. गर्दी एकदम दसपट होणार असेल तर क्लाउडच घ्या, तिथे नवं मशीन काही मिनिटांत उभं राहतं. पण वर्षभर भार सारखा असेल तर हिशेब उलटा पडू शकतो. बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पुढे स्वतःचे सर्व्हर विकत घेतले.

सुरक्षिततेच्या बाबतीत तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. एकाच प्रोसेसरवर अनेक भाडेकरू असण्याचा धोका खरा आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले तेव्हा तो सगळ्यांना दिसला. पण जुनं प्लगइन किंवा सोपा पासवर्ड असेल तर घुसणाऱ्याला मशीन कोणाचं याने काहीच फरक पडत नाही. उलट आता कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे) अपडेट आणि फायरवॉल तुम्हालाच पाहायचे आहेत.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. दोन डिस्क रेड १ मध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा लिहिला जातो, म्हणून बॅकअपची गरज नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. कृपा करून तसं समजू नका. माझ्या एका मशीनवर रेडची स्थिती दाखवणाऱ्या 'एमडीस्टॅट' फाइलमध्ये चालू डिस्कसाठी एक याप्रमाणे दोन 'यू' दिसायला हवे होते, तिथे एक 'यू' आणि एक अंडरस्कोर होता. एक डिस्क कधीच मेली होती. साइट व्यवस्थित चालू होती, म्हणून मी महिनोन् महिने ती फाइल उघडलीच नव्हती. दुसरी डिस्क गेली तेव्हा हातात उरला तो दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप. शिवाय चुकून पुसलेला टेबल रेड दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी कित्येकांचा तोही गेला.

तेव्हा आज रात्री आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढून दुसऱ्या ठिकाणी न्या. मग बफर पूल वाढवा, मायएसक्यूएल रीस्टार्ट करा, 'मॅक्स चिल्ड्रन' रॅम पाहून वाढवा आणि गर्दीच्या वेळी 'टॉप'मधला 'डब्ल्यूए' आकडा, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात जाणारा प्रोसेसरचा वेळ, पाहा. तो तरीही चढाच राहिला, तर पुरवठादाराकडे एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) मागा. आकडे इथेच लिहा, मी वाट पाहतो.