पाऊल राहिलं

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

कोकणात, दापोलीजवळच्या आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो होतो. देवळाबाहेर टेम्पो ट्रॅव्हलर थांबली, पंधरा-सोळा माणसं उतरली आणि त्यांच्या म्होरक्यानं आरोळी ठोकली, "दहा मिनिटं! अजून केळशी, वेळास, मग वेसवीची फेरीबोट गाठायचीय!" दहा मिनिटं? उजव्या सोंडेच्या गणपतीला? एका काकांना म्हटलं, "पाखाडीच्या पायऱ्यांनी उतरा थोडं, पाऊल बघून या." ते म्हणाले, "कसलं पाऊल? आमच्या यादीत नाहीये."

यादीत नाहीये!

मंडळी, हे देऊळ आधी खाली समुद्राकाठी होतं म्हणतात. पाणी आत यायला लागलं तसा गणपती कड्यावर निघाला, वाटेत एक पाऊल टेकलं. ते पाऊल पाखाडीच्या वाटेवर आहे. देव चालत वर गेला आणि भक्त चाकांवर. मला लहानपणी आजीनं याच वाटेनं नेलं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. पाजपंढरीकडून तरीतून यायचं, चपला हातात, परकर-धोतरं गुडघ्यापर्यंत. मग जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, वरून पोफळींची सावली. कुणाच्या तरी ओटीवर गूळपाणी. आजी पावलापाशी बसायची, ओच्यातलं जास्वंद ठेवायची आणि मला म्हणायची, "आता देवाला कळलं हो आपण येतोय ते."

आज कुणी कळवतच नाही. थेट धडकतात.

आणि वेळास! नाना फडणीसांचं गाव. पण लोकांना तिथलं फक्त किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव ठाऊक. केळशीच्या महालक्ष्मीपुढे उभं राहून "इथे मासे कुठे चांगले मिळतात" विचारणारा माणूस मी स्वतः पाहिलाय. (मासे मीही खातो, पण निदान देवळाबाहेर येऊन विचार की रे!)

बरं, गाडीरस्ता झाला म्हणून म्हाताऱ्या माणसांना दर्शन घडतं, हे मान्य. गाववाल्यांचे चार पैसे होतात, तेही मान्य. पुढे बोलत नाही.

बोलतो. कारण शेवटच्या वर्षी आजीलाही मीच रिक्षानं वर नेलं होतं. गुडघे गेले होते तिचे. दर्शन झालं, मी म्हटलं चल. ती हलेना. "पाऊल राहिलं." वरच्या अंगानं तिला धरून पायऱ्या उतरवल्या. एक पायरी, थांबायचं. दुसरी, थांबायचं. रिक्षावाला वर हॉर्न वाजवत होता आणि मी, खरं सांगतो, मनातून वैतागलो होतो. मलाही तेव्हा फेरी गाठायची होती. निम्म्यातच तिला धाप लागली. तिथूनच तिनं हात जोडले आणि जास्वंद माझ्या हातात दिलं. "तू जा ठेवून ये, मी बसते इथं."

आज ते काका गेल्यावर मी पाखाडी उतरलो. पायऱ्यांवर शेवाळ आहे, दोन चिरे निखळलेत. पावलापाशी कुणीतरी ताजं जास्वंद ठेवलेलं होतं.