फवारणी पंपाची बॅटरी: ‘कोणताही चार्जर चालतो’ हे खरं नाही

खरिपाची फवारणी सुरू झाली की पंपाच्या बॅटरीबद्दलचा तोच मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्यात पाच सूचना असतात. नवी बॅटरी पहिल्यांदा १२ तास चार्ज करा. पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्टचा कोणताही चार्जर चालतो. हिरवा दिवा लागला तरी आणखी दोन तास राहू द्या. हंगाम संपला की बॅटरी रिकामी करून ठेवा. मी पंप दुरुस्तीचं काम करतो, आणि या सूचना मनापासून पाळणाऱ्यांच्या बसलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात. म्हणून एकेक सूचना तपासून लिहितोय. तिसरी सगळ्यांत घातक आहे, आधी तीच घेतो.

पाठीवरच्या पंपात आज तीन जातीच्या बॅटऱ्या सापडतात. एक जुनी, जड, सीलबंद शिशाची. दुसरी लिथियम-आयनची, तीन सेल एकापुढे एक जोडलेली. तिसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, चार सेलची. तिन्हींवर ‘१२ व्होल्ट’च छापलेलं असतं आणि बहुतेक वेळा चार्जिंगची पिनही सारखीच असते. पण पूर्ण भरताना शिशाच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्ट लागतात, तीन सेलच्या पॅकला १२.६ आणि चार सेलच्या फॉस्फेटला १४.६. तीन सेलच्या पॅकमध्ये एक सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नसतो. त्याला शिशाचा चार्जर लावला, तर तो चार्जर प्रत्येक सेलला ४.८ पर्यंत ढकलायला बघतो.

“पण आत सर्किट असतं ना, ते तोडतं की!” हे मला रोज ऐकायला मिळतं. असतं, आणि तोडतंही. मात्र ते सर्किट, म्हणजे बीएमएस, चार्जर बिघडला तर वाचवण्यासाठी दिलेलं असतं, रोजचं चार्जिंग थांबवण्यासाठी नव्हे. घरात फ्यूज आहे म्हणून कुणी रोज वायर शॉर्ट करत नाही.

मागच्या हंगामात एक काका पंप घेऊन आले. शिशाची बॅटरी बसल्यावर त्यांनी लिथियमचा पॅक टाकला होता, चार्जर जुनाच. तक्रार एवढीच, की टाकीखालून गोडसर वास येतो, नेलपॉलिशसारखा. खालचं झाकण उघडलं तर निळं वेष्टन एका कोपऱ्यात आक्रसलेलं आणि एका सेलचं टोक ओलसर. मीटर लावला: ४.३९, ४.४१ आणि ४.५२. बीएमएसवरचा मॉस्फेट, म्हणजे करंट तोडणारा स्विच, जळून शॉर्ट झाला होता, म्हणजे तोडणारं काहीच उरलं नव्हतं. पॅक अंगणात नेऊन वाळूच्या घमेल्यात ठेवला. काका म्हणाले, हा पंप रात्री नातवंडं झोपतात त्याच खोलीत चार्जिंगला असायचा. तेव्हापासून हा मेसेज दिसला की मी गप्प बसू शकत नाही.

उलटी चूक धोक्याची नाही, पण फसवणारी आहे. फॉस्फेटच्या पॅकला १२.६ चा चार्जर लावला की प्रत्येक सेलच्या वाट्याला ३.१५ व्होल्ट येतात, म्हणजे जवळपास रिकाम्या सेलइतके. चार्जरवर लगेच हिरवा दिवा लागतो आणि पंप दोन टाक्यांत थांबतो. मग माणूस दुकानदाराशी भांडतो की बॅटरी डुप्लिकेट दिली.

चार्जरवर नुसतं ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा, चार्जर बॅटरीला न जोडता चालू करा आणि पिनवर आकडा बघा. १२.६ की १३.५ च्या पुढे, हे पाच सेकंदांत कळतं. मीटर नसेल तर कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. नवा पॅक घेताना त्याचाच चार्जर मागून घ्या. दोन-चारशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’ ही सूचना कधीकाळी बरोबर होती, निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी. ती थोडी वापरून पुन्हा पुन्हा भरली, तर काही परिस्थितीत खरोखर कमी चालायला लागायची. ती बॅटरी मागे पडली, सल्ला मात्र राहिला. शिशाच्या बॅटरीत असा काही प्रकार नाही. उलट ती जितकी खोल उतरेल तितकं तिचं आयुष्य कमी होतं. उतरलेली तशीच पडली तर प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि मग ती चार्जिंग धरत नाही. फवारा बघा: नोजलमधून धुक्यासारखं पडणारं पाणी जाड थेंबांनी पडायला लागलं आणि मोटरचा आवाज खाली आला, की थांबा. तशा थेंबांनी औषधही पानावर टिकत नाही, ओघळून जातं. संध्याकाळी पंप घरी आला की अर्धी बॅटरी शिल्लक असली तरी चार्जिंगला लावा. फक्त उन्हातून आणल्या आणल्या नको, तासभर सावलीत गार होऊ द्या.

पहिल्या १२ तासांत काहीही विशेष नाही. ८ अँपिअर-अवरची बॅटरी आणि १.७ अँपिअरचा चार्जर असेल, तर भागाकार पाच तासांच्या आत येतो. शेवटचा टप्पा हळू भरतो, म्हणून सहा-सात तास धरा. नवी शिशाची बॅटरी दुकानात महिनोन्‌महिने पडून थोडी उतरलेली असते, तेव्हा वापरण्याआधी हिरव्या दिव्यापर्यंत भरा. लिथियमलाही तेच. तास मोजत बसू नका.

हिरव्या दिव्यानंतरच्या दोन तासांबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. चांगला शिशाचा चार्जर हिरवा झाल्यावर १३.६ ते १३.८ व्होल्टवर येतो आणि त्या वेळात बॅटरी उरलीसुरली भरून घेते. पण स्वस्त चार्जर खाली येतच नाहीत. ते रात्रभर वरच्याच व्होल्टवर राहतात, आतलं पाणी उडतं आणि बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी पंपाच्या खाचेतून पकडीनं ओढून काढावी लागते, तेव्हा प्लास्टिकही तडकतं. लिथियमला हे दोन तास लागतच नाहीत.

राहिली शेवटची सूचना. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरायची. लिथियम साधारण अर्धी भरून ठेवायची. रिकामी कोणतीच नाही. लिथियमच्या पॅकमधलं सर्किट बंद पंपातही थोडा करंट खातं. आधीच रिकामा पॅक चार महिन्यांत इतका खाली जातो, की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि असा सेल पुन्हा भरणं धोक्याचं असतं. हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की बॅटरी पंपातून काढा, घरात गार जागी ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर अजिबात नको.

तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला, तर निदान तिसरी सूचना पुढे जाऊ देऊ नका. आणि आज घरी गेल्यावर आधी पंपाचा चार्जर हातात घेऊन त्यावरचा आकडा वाचा.