९४ वर अडकलेला स्पीड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

"तुमचा लेख वाचून १२०० चा वायफाय अ‍ॅडॉप्टर घेतला. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, फायबरच्या डब्याला स्वतःचा राउटर जोडलाय, तरी तीनदा टेस्ट केली आणि तिन्ही वेळा ९४ च. पैसे पाण्यात गेले," असं तुम्ही लिहिलंत. राग रास्त आहे. त्या लेखात मी हवेतल्या स्पीडबद्दलच लिहिलं, राउटरमागच्या वायरीबद्दल एक ओळही नाही. ती माझी चूक. पण अ‍ॅडॉप्टर परत करण्याआधी एवढं वाचा.

तुम्ही आकडा दिलात हे फार बरं झालं. वायफाय कमजोर असेल तर स्पीड वरखाली होतो, एकदा ६०, एकदा १३०. तिन्ही वेळा ९४ म्हणजे वाटेत कुठेतरी शंभराचं इथरनेट आहे, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएस नेणारी वायरची जोडणी. तिथे प्रत्येक भरलेलं पॅकेट (डेटाचा एक तुकडा) वायरीवर १५३८ बाइटांची जागा खातं आणि त्यात कामाचा डेटा जेमतेम १४६० बाइट असतो. हिशेब करून बघा, शंभरातले ९४-९५ च हाती लागतात.

आधी राउटरचे पोर्ट तपासा. खोक्यावर १२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त राउटरांचे पोर्ट '१०/१००' चेच, म्हणजे कमाल शंभराचे असतात. (ते १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज. तुमचा अ‍ॅडॉप्टर एका वेळी या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) एकच वापरतो.) पोर्ट गिगाबिट (हजार एमबीपीएसचा) असेल तर संशय केबलवर. केबलमध्ये आठ तारा असतात. शंभराला चार पुरतात, हजाराला आठही लागतात. शंभराला न लागणाऱ्या चारांपैकी एक जरी तुटली तरी नेट सहसा बंद पडत नाही, गुपचूप शंभरावर येतं. म्हणून तर कळत नाही. माझ्याच घरी खिडकीच्या चौकटीत केबल दबली होती आणि प्लगमधली तपकिरी तार निसटली होती. कितीतरी दिवस मी राउटर इकडून तिकडे हलवत बसलो. नवा प्लग क्रिंप केला (तारांवर दाबून बसवला) आणि त्याच लॅपटॉपवर २८० दिसले.

ही अडचण सुटली की अ‍ॅडॉप्टर यूएसबी ३ च्या पोर्टात लावा, बहुतेक लॅपटॉपवर तो आतून निळा असतो. यूएसबी २ चे ४८० कागदावरचे. हातात तीनशेच्या आतबाहेरच येतात. यूएसबी ३ मुळे २.४ च्या सिग्नलमध्ये खरखर येते, तेव्हा ५ गिगाहर्ट्झवरच जोडा.

आज रात्री एक करा. मोबाइल राउटरजवळ धरून ५ गिगाहर्ट्झवर टेस्ट घ्या. तिथेही ९४ आले तर अ‍ॅडॉप्टरचा दोष नाही, वायर किंवा पोर्ट बघा. अडीचशेच्या वर गेले तर मात्र गडबड लॅपटॉपच्या बाजूला आहे. मग अ‍ॅडॉप्टर खुशाल परत करा. दोन्हीपैकी काय निघालं ते राउटरच्या मॉडेल नंबरासकट कळवा. मूळ लेखात वायरीचा भाग मी आजच घालतोय.