मागच्या तारखेचा करार

परवा रात्री साडेदहाला फोन. "भाऊ, ठेकेदाराचं एक अ‍ॅग्रीमेंट बनवून पाहिजे. मागच्या एप्रिलची तारीख टाकून होईल नं?" एप्रिलच का आणि रात्री साडेदहालाच का, हे विचारावं लागत नाही. सेकंड शिफ्टला कुणाचं तरी बोट गेलेलं असतं. बोट गेलं की आपल्याकडे आधी धावाधाव होते ती स्टॅम्प पेपरसाठी.

तेव्हा नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या तमाम कारखानदार बंधूंसाठी हे मार्गदर्शन एकदाच लिहून टाकतो. ऑफिसात लक्ष्मीच्या तसबिरीखाली चिकटवा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. तुमच्याकडे कामगार नाहीतच, तुम्ही 'सेवा' घेता. दिवसभर पत्रा दाबून पीस काढणारी प्रेस चालवणारा माणूस कागदावर 'हाउसकीपिंग'मध्ये दाखवा. यामागे अभ्यास आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ज्या कामासाठी कारखाना काढला त्या मूळ कामावर कंत्राटी माणूस लावायला तिनं मनाई केली आहे. अपवाद तीन: ते काम त्या धंद्यात एरवीही ठेकेदारामार्फतच होत असेल, दिवसातला बहुतेक वेळ त्याला पूर्णवेळ माणूस लागत नसेल, किंवा काम अचानक वाढलं असून मुदतीत संपवायचं असेल. सफाई, पहारा, कँटीन, माल चढवणं-उतरवणं ही सहसा मूळ कामात धरत नाहीत. म्हणून सगळे सफाईवाले. शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, सहा प्रेस, चौदा झाडूवाले आणि झाडू एक, तोही दसऱ्याला निघतो.

मग ४९ हा आकडा. ५० माणसं झाली की ठेकेदाराला परवाना लागतो, म्हणून एक ठेकेदार तो स्वतः, दुसरी त्याची बायको, तिसरा त्याचा साळा. प्रत्येकी ४९. संहितेत आस्थापनेतले एकूण कंत्राटी कामगारही मोजायला सांगितलेत आणि तिघांचे मिळून १४७ होतात. ती ओळ वाचू नका.

करार १०० च्या स्टॅम्प पेपरवर करू नका. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० मोजावे लागतात. त्या कागदावर नंबर असतो, विक्रीची तारीख असते आणि विक्रेत्याच्या रजिस्टरात तुमचं नाव असतं. पावसाळ्यात विकलेल्या कागदावर उन्हाळ्यात सही कशी झाली, हे कामगार न्यायालयाला समजावून सांगायला एक वेगळा वकील लावा. ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, त्याचं नाव तर अपघात झाल्यावरच टाका. कामावर आल्यापासून १० दिवसांत नोंदणी करायची असते, पण एवढी घाई कशाला? पोर्टलवर नोंदणीची तारीख पडते आणि हॉस्पिटलच्या कागदावर इजेची. दोन्ही एकच निघाल्या तर योगायोग म्हणा.

करारात एक वाक्य ठळक टाका: 'कामगारांवर संपूर्ण देखरेख व नियंत्रण ठेकेदाराचे राहील.' ठेकेदार महिन्यातून एकदा येतो, बिल घेऊन. बाकीचे दिवस तुमचा सुपरवायझर 'बी शिफ्ट प्रॉडक्शन' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहीत असतो, 'उद्या दोघं लवकर या', 'याला चार नंबर प्रेसवर टाका', 'तो दोन दिवस न सांगता गेला, उद्यापासून गेटच्या आत घेऊ नका'. कोर्ट नेमकं हेच विचारतं. नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, कामावरून कोण काढतं, शिस्तीची कारवाई कुणाची, नोकरी सलग आहे का, काम कसं करायचं हे कोण सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये या कसोट्या ओळीनं मांडल्या. तुम्ही त्यांची उत्तरं रोज, वेळेसकट, निळ्या टिकांसकट लिहून ठेवता. हा ग्रुप डिलीट करू नका. समोरच्या वकिलाला त्रास होईल.

आणि नियंत्रण कुणाचं हे विचारायचं खूळ काही बाहेरून आलेलं नाही. नागपूरच्याच एका बिडी कारखान्यातून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 'बिरधीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर', १९६१ च्या निकालसंग्रहात छापलेला निवाडा. बिडी वळणारे मजुरी घेत बिडीच्या नगावर. कारखान्याच्या वेळेत केव्हाही या, केव्हाही जा, फक्त दुपार उलटून आलात तर काम मिळायचं नाही. त्यांनी रजेचे पैसे मागितले. कारखाना म्हणाला, हे आमचे कामगारच नव्हेत, मर्जीचे मालक आहेत. न्यायालयानं पाहिलं की बिडी कारखान्यात बसूनच वळावी लागते, घरी नाही, आणि नीट न वळलेली बिडी नाकारायचा हक्क कारखान्याचा आहे. तेवढं नियंत्रण पुरलं, ते कामगार ठरले. साठ वर्षांहून जास्त झाली. तुमच्या प्रेसवरचा माणूस तर हाताला घाम आला म्हणून पंख्याखाली उभा राहिला तरी सुपरवायझरला विचारतो.

खरा ठेकेदार नसतोच असं नाही. त्याच काळात मध्य प्रदेशातल्या एका बिडी खटल्यात सट्टेदारांना, म्हणजे बिड्या वळवून कारखान्याला पुरवणाऱ्यांना, न्यायालयानं स्वतंत्र ठेकेदार मानलं, कारण बिड्या कुठं आणि कुणाकडून वळून घ्यायच्या हे ते स्वतः ठरवत. तुमचा ठेकेदार काय ठरवतो? कमिशन.

ठेकेदार जमत नसेल तर अप्रेंटिस घ्या. १९६१ चा अ‍ॅप्रेंटिस कायदा त्यालाही सुरक्षेच्या बाबतीत कामगारासारखंच धरतो आणि इजा झाली तर भरपाई तुमच्याकडूनच देववतो, पण ते त्याच्या सर्टिफिकेटवर छापलेलं नसतं.

आता प्रेस. इथं तुम्हाला सल्ल्याची गरज नाही, तुमचं सगळं सुरळीत असतं. दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर. पण पीस कमी पडतात. मग एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा रबर ताणून बसवा, नाहीतर आगकाडी खोचा. एक बटण कायमचं दाबलेलं, एक हात मोकळा, आणि तो हात डायमध्ये. हे जमतं, कारण पॅनेलवाल्यानं दोन्ही बटणं सरळ सिरीजमध्ये जोडून कॉन्टॅक्टरला, म्हणजे वीज जोडणाऱ्या स्विचला, दिलेली असतात. टू-हँड सेफ्टी रिले असता तर दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत सोबत दाबावी लागली असती, आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक आला नसता. रबर वाया गेला असता. म्हणून रिले लावू नका.

ऑडिटवाला लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, लावा म्हणाला तर तो जुन्या की-क्लचच्या प्रेसवर लावा. लाल दिवे छान दिसतात, फोटो चांगला येतो. की, म्हणजे त्या क्लचची खीळ, एकदा क्लचमध्ये बसली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो. किरण तुटला काय आणि माणूस ओरडला काय, त्याला फरक पडत नाही. अशा प्रेसला कर्टनचा उपयोग नाही. तिथं डायभोवती पक्कं गार्ड लागतं, बोट शिरणार नाही असं, फटी ६ मिलिमीटरच्या आत. पीस आत ठेवायला चिमटा, मॅग्नेट किंवा सरकतं फीड लागतं. पट्ट्या आणि जाळी, तुमच्याच वेल्डरच्या हातचं काम. ते करू नका, कारण मग डाय बदलताना चार बोल्ट जास्तीचे खोलावे लागतात.

क्लचची की झिजली, स्प्रिंग ढिला पडला, ब्रेकच्या लायनिंगवर तेल गेलं, की प्रेस पायाचं पॅडल एकदा दाबलं तरी दोन स्ट्रोक मारते. पहिल्या स्ट्रोकनंतर माणूस पीस काढायला हात घालतो आणि दुसरा स्ट्रोक त्या हातावर येतो. ऑपरेटर आठवडाभर सांगत असतो, "साहेब, चार नंबर डबल मारून राहिली." त्याला म्हणा, सांभाळून चालव. एवढा स्वस्त स्पेअर पार्ट बाजारात दुसरा नाही. पॅडलवर झाकण बसवू नका, वरून पाना पडला तर एक स्ट्रोक फुकट मिळतो. डाय सेट करताना मोटार बंद केली की झालं, असं समजा. फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, त्यानंतरही बराच वेळ फिरत असतं. ते थांबू द्यायचं असतं, मेन स्विचला कुलूप घालून किल्ली डाय सेटरच्या खिशात द्यायची असते, रॅमखाली टेकू लावायचा असतो. कोण करत बसतं! आणि मग फोनवर म्हणता, "लक्ष नव्हतं त्याचं." मे महिना, बाहेर ४५ अंश, पत्र्याचं शेड, शिफ्ट बारा तासांची, त्यातला ओव्हरटाइम दुपटीऐवजी एकपटीनं, आणि लक्ष त्यानं ठेवायचं? तुमच्या केबिनमध्ये एसी असून दुपारी तीनला तुमचं लक्ष कुठं असतं?

असो. मार्गदर्शन चाललं होतं.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. बिल्ला लावा, शपथ घ्या, फोटो काढा, बिल्ला काढा.

फर्स्ट एडच्या पेटीला कुलूप. किल्ली स्टोअरवाल्याकडे. स्टोअरवाला जनरल शिफ्टला.

ग्राइंडरचा टूल रेस्ट, म्हणजे काम टेकवायची पट्टी, चाकापासून ३ मिलिमीटरच्या आत लागतो. तुमचा किती आहे ते बोट घालून मोजू नका.

जखमी माणसाला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला नेताना वाटेत पाठ करून घ्या: 'घरी कूलरच्या पंख्यात हात गेला.' डिसेंबर असेल तर कडबा कटर. डॉक्टरला डायखाली चिरडलेलं बोट आणि पात्यानं कापलेलं बोट यातला फरक कळत नाही, असं धरून चाला. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नये, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावं आणि ती पिशवी बर्फात ठेवावी, हे शॉपमध्ये कुणाला शिकवू नका. आधी गोष्ट जुळली पाहिजे, बोट नंतर जुळेल.

त्या कूलरच्या गोष्टीत तुम्ही त्याच्याकडून काय काढून घेता, ठाऊक आहे? ईएसआयसीत ती कामावरची इजा म्हणून नोंदली गेली तरच त्याला कायमच्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, दरमहा, आयुष्यभर. कूलरला काहीच मिळत नाही. त्या पोराला हे माहीत नसतं. तो बालाघाटहून आलेला असतो आणि तुम्ही हॉस्पिटलचं बिल भरलं म्हणून तुमच्या पाया पडतो. तुम्ही पडू देता.

पुरे झालं हे सेवा आणि हाउसकीपिंग. शेठ, माणूस ठेकेदाराचा असला म्हणून प्रेस ठेकेदाराची होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कामगाराच्या व्याख्येतच लिहिलं होतं: थेट असो की ठेकेदारामार्फत, मूळ मालकाला माहीत असो वा नसो, मोबदला मिळो वा न मिळो. नव्या संहितेतही कारखान्याचा मालक म्हणजे ऑक्युपायर, आणि कंपनीत ऑक्युपायर म्हणजे डायरेक्टर, म्हणजे तुम्ही. शरीराचा भाग कायमचा गेला तर ती गंभीर इजा. नियम मोडल्यामुळे गेला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड, किंवा दोन्ही. मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. दंडातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग त्याला किंवा त्याच्या घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं.

भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे दर छापलेले आहेत. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. ईएसआयसीत न बसणारा, २५ वर्षांचा, महिना १५ हजारांवर हिशेब धरलेला माणूस असेल तर १५ हजारांचे ६० टक्के, गुणिले त्या वयाचा ठरलेला आकडा २१६.९१, त्याचे १४ टक्के. साधारण २ लाख ७३ हजार. हा हिशेब तुमच्या अकाउंटंटला दोन मिनिटांत जमतो. गार्डचं कोटेशन मात्र तीन वर्षं त्याच्या ट्रेमध्ये पडून आहे.

बाजारगाव डिसेंबर २०२३, धामणा जून २०२४, उमरेड एप्रिल २०२५. कारखान्यातल्या या प्रत्येक स्फोटानंतर आठवडाभर तुम्ही आगीचे सिलिंडर तपासलेत. नंतर त्यांच्यावर पुन्हा टिफिनच्या पिशव्या टांगल्या.

उद्या सकाळी आठला शॉपमध्ये जा. स्वतः. सुपरवायझरला नका पाठवू. बटणावरचा रबर स्वतःच्या हातानं काढा. डबल मारणारी प्रेस बंद करून तिच्यावर पाटी लावा आणि की बदलेपर्यंत ती चालू करणाऱ्याला घरी पाठवा, डिस्पॅचवाला कितीही बोंबलो. प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्या, संहितेत ते सक्तीचं आहे. झाडूवाल्यांना प्रेस ऑपरेटर लिहा आणि ऑपरेटरचा पगार द्या. ईएसआयसीत आज नाव टाका, आजच्याच तारखेनं.

आणि फोन ठेवता ठेवता विचारलंत, "भाऊ, त्याच्याच्यानं सही नाही होणार, अंगठा चालेल का?" चालतो शेठ. परिशिष्टात अंगठ्याचे ३० टक्के आहेत.