कार्ड स्वाइप करणे ही नाण्याची विक्रीच आहे : एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

ऐरोलीहून लिहिणाऱ्या वाचकमित्रास,

सप्रेम नमस्कार. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याने रोजच्या खर्चासाठी क्रिप्टो डेबिट कार्ड, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांतून दुकानाचे बिल भागवणारे कार्ड, घेऊ नये, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण बरेच सविस्तर आणि काहीसे रागाने लिहिले आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे : नाणी विकून रुपये बँकेत आणले तरच कर लागतो, कार्डाने खर्च केल्यास लागत नाही, शंका वाटलीच तर युएसडीटीसारखे स्थिर, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेले नाणे वापरावे, त्यात नफाच नसतो, पी-टू-पी पद्धतीने, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला नाणी विकल्यास बँक खाते गोठते, त्यापेक्षा कार्ड सुरक्षित, आणि खासगी की, म्हणजे नाण्यांवर ताबा देणारी गुप्त सांकेतिक किल्ली, ग्राहकाकडेच राहते अशा कार्डांचा मी विचारही केला नाही. शेवटी आपण असेही विचारले आहे, की नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या आपल्या बहिणीनेही असे कार्ड घेऊ नये काय. यांपैकी चौथा आक्षेप मला मान्य आहे आणि शेवटचा प्रश्न मी लेखात सोडवायलाच हवा होता. पहिला आक्षेप मात्र इतका सर्रास ऐकू येतो आणि त्याने इतके नुकसान होऊ शकते, की आधी त्याविषयीच लिहितो.

जांभळी नाक्यावरच्या किराणा दुकानात आपण कार्ड मशीनला लावता तेव्हा दुकानदाराला बिटकॉइन मिळत नाही, रुपयेच मिळतात. व्यवहार मंजूर होऊन पावती निघेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत कार्ड कंपनी आपले नाणे स्वतः ठरवलेल्या भावाने आपल्याकडून घेते, त्याचे डॉलर किंवा युरो करते आणि व्हिसा वा मास्टरकार्डच्या जाळ्यातून ती रक्कम रुपयांत बदलून दुकानदाराच्या बँकेकडे पोहोचते. काही कार्डांत ही विक्री आधीच, कार्डात पैसे भरताना होते, एवढाच फरक. २०२२च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या (इंग्रजी आद्याक्षरांत व्हीडीए; क्रिप्टो नाणी यातच येतात) हस्तांतरणावरील नफ्यावर १ एप्रिल २०२२पासून ३० टक्के कर लावला, आणि हस्तांतरणाच्या व्याख्येत विक्रीबरोबर अदलाबदलही येते. रुपये आपल्या खात्यात आले की नाही, हा प्रश्न कायदा विचारतच नाही.

समजा, ४,००० रुपयांना घेतलेला बिटकॉइनचा अंश आज ६,००० रुपयांचा झाला आहे आणि त्यातून आपण महिन्याचा किराणा भरलात. नफा २,००० रुपये, त्यावर ६०० रुपये कर आणि करावर ४ टक्के उपकराचे २४ रुपये, म्हणजे एकूण ६२४. आपण ज्या २ टक्के कॅशबॅकचा उल्लेख केला आहे तो या खरेदीवर १२० रुपये होतो. नाण्याच्या खरेदी किमतीखेरीज कोणताही खर्च या नफ्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे कार्डाचे शुल्कही वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि तो पुढील वर्षी नेताही येत नाही. शिवाय विवरणपत्राच्या व्हीडीए परिशिष्टात प्रत्येक हस्तांतरणाची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदी किंमत आणि मिळालेला मोबदला लिहावा लागतो. महिन्याला पंचवीस वेळा कार्ड वापरणाऱ्याच्या वर्षभरात अशा ३०० ओळी होतात, आणि परदेशी कंपनीच्या ॲपमधून ही माहिती रुपयांत निघत नाही; प्रत्येक दिवसाचा भाव आपल्यालाच शोधून लावावा लागतो. गावदेवीच्या मंडईत कोथिंबिरीची जुडीसुद्धा क्यूआर कोड दाखवून, एक पैसाही शुल्क न देता घेता येते, तिथे हा उपद्व्याप कशासाठी करायचा, एवढेच मला त्या लेखात विचारायचे होते. आपण त्याला भीती घालणे म्हटले आहे; मला तो साधा हिशेब वाटतो.

स्थिर नाण्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट त्यात एक गोम आहे. युएसडीटी डॉलरशी स्थिर असते, रुपयाशी नव्हे. ८३ रुपयांना घेतलेले नाणे ८६ला खर्च झाले, तर नाण्यामागे तीन रुपये नफा धरला जाऊन त्यावरही ३० टक्के कर बसतो. पण त्याहून जास्त खर्च एरवी लक्षातच येत नाही. आपल्याकडे युएसडीटीचा रुपयांतला भाव बँकेतल्या डॉलरच्या दरापेक्षा अनेकदा काही टक्क्यांनी वर असतो. डॉलर ८६ रुपयांना असताना आपण नाणे ८९ला घेतले आणि कार्डावर ते व्हिसा-मास्टरकार्डच्या डॉलर दराने खर्च केले, तर दुकानात पाऊल ठेवण्याआधीच सुमारे साडेतीन टक्के गेलेले असतात. हा तोटा कुठेही वळता होत नाही आणि चलनबदलाचे शुल्क त्यावर वेगळे. 'शून्य शुल्क' असे कार्डाच्या पानावर ठळक लिहिलेले असते तेव्हा खरी किंमत भावातच दडलेली असते. म्हणून कोणत्याही कार्डाची परीक्षा करताना शुल्काचा तक्ता बाजूला ठेवून एकच प्रयोग करावा : शंभर रुपयांच्या खर्चासाठी माझ्या वॉलेटमधून नेमके किती नाणे गेले आणि त्याच मिनिटाला बाजारात तेवढ्या नाण्याचे किती रुपये येत होते, हे लिहून ठेवावे.

खाते गोठण्याची भीती मात्र आपण म्हणता तशीच खरी आहे. नौपाड्यात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पी-टू-पीवर नाणी विकली. खरेदीदाराने पाठवलेले पैसे परराज्यातल्या एका फसवणुकीतले निघाले, आणि त्यांचे पगाराचे खाते कित्येक आठवडे अडकून पडले. मुलाची फी भरायला त्यांना हात उसने घ्यावे लागले. त्यांचा काडीचाही दोष नव्हता. पण त्यावर उपाय परदेशी कार्ड हा नाही. मार्च २०२३पासून नाण्यांचे व्यवहार चालवणाऱ्या कंपन्या मनी लॉन्ड्रिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या आहेत आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारमंचावर, वर्षातून दोन-तीनदा गरजेपुरते विकावे, १ टक्का टीडीएस कापला जाऊ द्यावा आणि आलेले रुपये नेहमीच्या डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने खर्चावेत. तीनशेऐवजी तीन ओळी भराव्या लागतात, आणि पैसे कोणत्या कंपनीकडून आले हे बँकेला दाखवता येते.

आता आपल्या बहिणीविषयी. तिच्या बाबतीत माझे उत्तर वेगळे आहे, कारण ती जिथली करदाती होईल तिथला कायदाच वेगळा आहे. जर्मनीत खासगी व्यक्तीने एक वर्षाहून अधिक काळ बाळगलेले नाणे खर्च केले तर त्या नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही. एका वर्षाच्या आतले असेल तर २०२४पासून वर्षभरातील असा एकूण नफा १,००० युरोंच्या आत आहे तोवर सूट आहे. तिथे असे कार्ड रोज वापरणे खरोखर शक्य आहे, आणि म्हणून निवडही जपून करावी लागते.

तिने कार्डावरचे नाव वाचण्याआधी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले, कार्ड प्रत्यक्ष जारी करणाऱ्या संस्थेचे नाव वाचावे. जानेवारी २०१८मध्ये व्हिसाने जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट या एका जारीकर्त्या संस्थेचे सदस्यत्व थांबवले आणि युरोपातल्या अनेक वेगवेगळ्या ब्रँडांची क्रिप्टो कार्डे एका दिवसात बंद पडली. जून २०२०मध्ये जर्मनीच्याच वायरकार्ड या कार्ड-व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदातले १९० कोटी युरो अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले, तेव्हा ब्रिटनच्या नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचे व्यवहार काही दिवस गोठवले. ज्यांच्या कार्डांमागे ती संस्था होती, त्यांना स्वतःचेच पैसे वापरता येईनात. दोन कार्डे बाळगायची असतील तर ती दोन वेगळ्या जारीकर्त्यांची असावीत. जास्त कॅशबॅकसाठी कंपनीचे स्वतःचे टोकन, म्हणजे तिनेच काढलेले नाणे, सहा-सहा महिने अडकवून ठेवण्याच्या योजनांपासून तिने दूर राहावे. क्रिप्टो डॉट कॉम या कार्ड कंपनीने मे २०२२मध्ये कार्डावरची बक्षिसे एकदम घटवल्याचे जाहीर केले तेव्हा अशा लोकांना लगेच बाहेरही पडता आले नाही.

खासगी की स्वतःकडे राहणारी कार्डे इथेच उपयोगी पडतात, आणि त्यांना मी लेखात जागा दिली नाही ही चूक झाली. युरोपात २०२३पासून ग्नोसिस पेसारखी कार्डे आहेत, ज्यांत पैसे स्वाइप करेपर्यंत आपल्याच वॉलेटमध्ये असतात. कंपनी बुडाली तर कार्ड चालणार नाही, पण शिल्लक तिच्यासोबत बुडत नाही. मात्र त्यात की हरवण्याची जबाबदारीही पूर्णपणे आपली असते, हे बहिणीला स्पष्ट सांगा.

परताव्याची एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो. परदेशी नोकरीत असताना कार्डावर घेतलेला हिवाळी कोट मी तीन आठवड्यांनी परत केला. पैसे युरोत परत आले, नाण्यात नव्हे, आणि मधल्या काळात नाणे बरेच वर गेले होते. विकलेले नाणे परत येत नाही. हॉटेलात अनामत म्हणून अडवलेल्या रकमेचेही काही कार्डांत असेच होते. त्यामुळे परत करण्याची शक्यता असलेली वस्तू, हॉटेल आणि भाड्याची गाडी यांसाठी तिने साधे युरोचे कार्डच वापरावे.

मूळ लेखात स्वतःकडे की ठेवणाऱ्या कार्डांचा परिच्छेद मी आज जोडला आहे. बहिणीला विमानात बसण्याआधी एक काम करायला सांगा : तिच्याकडचे प्रत्येक नाणे कोणत्या तारखेला, किती किमतीला घेतले याची नोंद इथल्या एक्स्चेंजवरून उतरवून घ्यावी. जर्मनीतले एक वर्ष त्याच तारखेपासून मोजले जाते.